डाव्या हातावर रेललेली पंगत

देवस्थळींच्या केतकीच्या लग्नात पंगत डावीकडे कलली आणि नवरी कमी झाली. गावात याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. माणूस डावीकडे कलला की त्याच्या भोवतीचे आकडे उतरतात, उजवीकडे कलला की चढतात आणि सरळ राहिला तर आहे तेवढं राहतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोकांना मजा वाटली ती इतकीच, की हे शैलजाबाईंच्या घरच्या कार्यात झालं.

शैलजा देवस्थळी म्हणजे मुलींच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची पाठ काही निवृत्त झाली नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत ती ओळंब्यात होती आणि तिथून बाई साऱ्या गावाकडे बघत. गाव त्यांच्या खिसगणतीत नव्हतं, आणि का असावं?

बाजारात भाजीवाली वांगी देताना उजवीकडे झुकायची, म्हणजे चार वांग्यांची सहा होत. घेणारी डावीकडे झुकायची, म्हणजे सहाची पुन्हा चार. समोरासमोर असल्यामुळे दोघी एकाच बाजूला कलत आणि लांबून पाहणाऱ्याला वाटे, या बायकांचं किती एकमत आहे. निवडणुकीच्या सभेत वक्ता उजव्या कुशीवर निजायचाच काय तो बाकी राही. तो बोलत असेपर्यंत मैदान फुललेलं असे. पाणी प्यायला सरळ झाला की सतरंज्या आणि चार कार्यकर्ते उरत. बायका वय सांगताना डाव्या पायावर भार टाकत. शाळेत गणिताच्या परीक्षेला मुली शेजारणीच्या पेपरात डोकावायला डावीकडे झुकत आणि उत्तरं लहान येत. तेव्हा गणिताचे सर कपाळाला हात लावून पीटीच्या बाईंनाच बोलावणं धाडत. बाई दारात उभ्या राहून एकच शब्द बोलत, "सावधान!" आणि सगळ्या वर्गाचे हातचे जागेवर येत. नंतर सर आभार मानत तेही एका खांद्याने, म्हणून बाई त्यांच्याबरोबर चहा घेत नसत.

त्यांचे यजमान दिगंबरराव आरामखुर्चीत डाव्या हातावर रेलून बसायचे. चहा अर्धाच दे, भाजी एवढी नको, मला कशाला नवा सदरा, हे त्यांचं बोलणं. त्यांचे मित्र कमी झाले, केस कमी झाले, मग बोलणंही कमी झालं. एका दुपारी शैलजाबाई अर्धा कप चहा घेऊन आल्या तर खुर्चीत कोणी नव्हतं आणि उशी कोमट होती. त्यांनी खुर्ची मिटून माळ्यावर टाकली. भेटायला आलेल्यांना त्या म्हणाल्या, "सरळ बसले असते तर असते." लोकांना हे निर्दय वाटलं. निर्दय होतंच, पण चूक नव्हतं, आणि बाईंना तेवढं पुरत असे.

केतकी बापावर गेली होती. जेवताना तिचा डावा हात जमिनीवर टेकलेला, खांदा वर आलेला, मान त्यात रुतलेली. "सरळ बस," हे बाईंनी तिला इतक्या वेळा म्हटलं होतं, की लहानपणी कोणी नाव विचारलं तर ती क्षणभर विचारात पडे. ती मागायची थोडं, हसायची थोडं, आणि तिच्या वाटणीचा अर्धा लाडू कुठे जातो ते तिलाही कळत नसे. बाईंना तिची चीड येई. आणि तीच मुलगी झोपेत डाव्या कुशीवर वळली की बाई उठून तिला हलकेच उताणी करत आणि तशीच धरून बसत. एवढी एकच मुलगी होती. एकातून काही गेलं तर काय उरतं, ते त्यांनी आरामखुर्चीत पाहिलं होतं.

लग्न कालव्याजवळच्या मंगल कार्यालयात ठरलं. गावातल्या प्रत्येक कार्यालयात कलणारा माणूस ठेवलेला असे, तसा तिथेही होता. जमिनीवर पंगत बसली की उजवा हात जेवणात गुंततो आणि डावा बाजूला टेकतो. मग पंगत डावीकडे कलते आणि त्या टोकाची माणसं कमी व्हायला लागतात. म्हणून कलणाऱ्याने भिंतीपाशी पाट घेऊन, पंगत उठेपर्यंत, उजवीकडे कलून बसून राहायचं. काम म्हणायचं तर एवढंच. इथले कलणारे बाबूराव कार्यालयाच्या मालकाचे मेहुणे होते. दोन माणसांचं अंग, बोटात पोवळ्याची अंगठी आणि आपण एका जागी बसून सबंध जग तोलून धरलंय असा चेहरा. त्यांना दुसरं काहीही येत नव्हतं, आणि मालकाच्या बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे हेसुद्धा त्यांना झोपेतच साधलं होतं.

"तुमचं काम पडणार नाही," शैलजाबाईंनी त्यांना सांगितलं.

"म्हंजे?"

"माझ्या मुलीच्या लग्नात कोणी कलणार नाही. डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही. असली फुगवलेली माणसं मला नकोत. जितकी आली तितकी जेवतील."

बाबूराव हसले. हसताना त्यांचं पोट उजवीकडे गेलं आणि खिडकीतल्या कुंड्या वाढल्या. "बाई, माणसं जेवायला येत्यात, कवायतीला न्हाईत. मागं एका पार्टीनं असंच केलं. नवरदेवाचे तीन मामा गेले."

"मामाच ना? चालतं."

"बगा बुवा. मग मला पाव्हणा म्हणून पान मांडा. एकदा तरी सुखानं जेवीन म्हणतो."

"जेवा," शैलजाबाई म्हणाल्या. "पण सरळ बसून."

वरपक्ष मोघ्यांचा. नवरा सारंग गोरागोमटा, नम्र आणि कशालाच नाही न म्हणणारा, म्हणजे बाईंच्या हिशोबी बिनकण्याचा. घरात चालायचं ते त्याच्या आत्याचं, शोभनाताईंचं. टेबलखुर्च्यांवर जेवण म्हणजे कँटीन, असं त्यांचं मत होतं. पंगत जमिनीवर हवी, केळीच्या पानावर हवी, पानाभोवती रांगोळी हवी. ज्या बाईला पाटावरून उठवायला दोन भाच्या लागतात, तिला परंपरेचा पुळका यावा याची शैलजाबाईंना गंमत वाटली. तरी त्या हो म्हणाल्या. मांडी घालून ताठ बसणं त्यांना मनापासून पसंत होतं, आणि खुर्चीला हात असतात हा त्यांचा खुर्चीवरचा जुना राग होता.

फोटोग्राफरला मागे थर्माकोलचा मोर यायला हवा होता. मोर हॉलच्या डाव्या अंगाला होता, म्हणून नवरानवरीची पानं लांबलचक पंगतीच्या डाव्या टोकाकडे मांडली. रीतीप्रमाणे केतकी सारंगच्या डाव्या हाताला बसली. तिच्या पलीकडे करवली शर्वरी, आणि शर्वरीच्या पलीकडे मोघ्यांचे चुलत-मावस असे कोणीतरी, ज्यांना मोघेही ओळखत नव्हते.

"इथे टोकाला नको बसवायला," शैलजाबाईंच्या धाकट्या जाऊबाई हळूच म्हणाल्या. "निदान बाबूरावांना तरी..."

"घाबरट आहेस," शैलजाबाई म्हणाल्या.

हर हर महादेव झालं आणि जेवणं सुरू झाली. वरणभातापर्यंत पंगत ठीक होती. शैलजाबाई तुपाचं भांडं घेऊन वाढत होत्या. वाढताना त्या कमरेत वाकत नसत. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसत, तूप सोडत आणि तशाच उठत. पंगतीतल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे कौतुकाने बघत आणि बाई त्या कौतुकाला भीक घालत नसत. सारंगच्या पानावर त्यांनी तूप वाढलं तेव्हा तो म्हणाला, "पुरे, पुरे." आणखी एक दिगंबरराव, असं बाईंच्या मनात आलं.

मसालेभात आला आणि शोभनाताईंनी पहिला डावा हात टेकला. मग त्यांच्या शेजारणीने टेकला. मग जांभई पसरते तसा तो हात पंगतभर पसरला. जमिनीवर बसायची हौस होती, सवय कोणालाच नव्हती. जड जड नेसलेल्या बायका आणि पट्टे सैल केलेले पुरुष एकाच अंगाला ओघळले. बाबूरावांनी तर आजवरचं सगळं कलणं एका जेवणात फेडायचं ठरवलं असावं. त्यांनी डावा कोपर जमिनीवर रोवला, त्यावर देह सोडून दिला आणि डोळे अर्धे मिटून जेवू लागले.

सूप तिरकं धरलं की टोकाचे दाणे आधी सांडतात. टोकाचे चुलत-मावस लोक गेले. आधी माणूस जाई, मग पानावरचा भात जाई, मग पान जाई आणि पाणी फिरवल्याची ओली रेघ फरशीवर राही. आचारी जिलबीचं ताट घेऊन आला.

"पानं किती?" त्याने विचारलं.

"असतील दोनशे," शोभनाताई म्हणाल्या, आणि घास गिळून आणखी जरा रेलल्या. "छे, दीडशे. फार माणसं नाही सांगितली आम्ही. आमचं सगळं आटोपशीरच असतं."

आचारी ताटाकडे बघून, मान हलवून, एकेक वाढून परत गेला. ताटातल्या जिलब्याही आटोपशीर झाल्या होत्या.

शैलजाबाई पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी मान वळवली तेव्हा शर्वरीच्या हातातला घास तोंडापर्यंत पोचला नव्हता आणि मग शर्वरीही नव्हती. आता टोकाला केतकी होती. बाईंनी तुपाचं भांडं छातीशी धरलं, श्वास घेतला आणि सबंध हॉलला ऐकू जाईल असं ओरडल्या.

"सावधान!"

पंगतीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांच्या पाठी कट्‌कन सरळ झाल्या, तोंडातला भात तोंडात राहिला. त्यांचं बघून त्यांचे नवरे सरळ झाले. शोभनाताईही सरळ झाल्या, का ते त्यांना समजलं नाही. कमी होणं थांबलं. गेलेलं कोणी परत आलं नाही, कारण सरळ बसण्याने आहे तेवढंच राहतं, पण राहिलं हे काय कमी होतं? बाईंना बरं वाटलं. अखेर एका शब्दाने झालं, असंही त्यांना वाटलं, आणि त्यांनी केतकीकडे पाहिलं.

एकटी केतकी सरळ झाली नव्हती. आईच्या तोंडून असले शब्द ती जन्मापासून ऐकत आली होती. आता ते तिच्या कानांना लागत नसत. तिचा डावा हात जमिनीवर टेकलेला होता, खांदा वर आला होता, मुंडावळ्या एका बाजूला लोंबत होत्या. आपल्याला कोणी हाक मारली असावी म्हणून तिने मान वर केली.

"काय गं आई?" ती म्हणाली.

मग तिच्या पानावरचा भात गेला, पान गेलं आणि रांगोळी गेली.

शैलजाबाई चालत तिथवर आल्या. पंगतीच्या टोकाला सारंग मोराखाली जिलबी खात होता.

"केतकी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सारंगने अदबीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोणाकडून?" तो म्हणाला.

"अरे सारंग, त्या तुझ्या मुंजीला आल्यात," शोभनाताई पलीकडून म्हणाल्या. त्या पुन्हा रेलल्या होत्या. "बसा ना बाई. मुंज जरा उशिराच झाली, पण मुलगा सोनं आहे. मुंडावळ्या किती शोभतात बघा एकट्याला."

आजूबाजूचे हसले. एकाने विचारलं की भिक्षावळ निघणार आहे का. मघाशी या लोकांनी केतकीवर अक्षता टाकल्या होत्या, तिच्या साडीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला होता, आणि आता त्यांच्या डोक्यात दोनाचा एक झाला होता आणि त्या एकावर ते खूश होते. शैलजाबाईंना सगळ्यांच्या तोंडावर तूप ओतावंसं वाटलं. पण त्यांनी भांडं सरळ धरलं. त्या बाबूरावांकडे गेल्या.

"उजवीकडे कला," त्या म्हणाल्या.

"आता? हातात जिलबी हाय."

"बाबूराव, माझी मुलगी गेली हो."

"कुठली मुलगी?" बाबूराव म्हणाले, आणि वाढप्याकडे मठ्ठा मागितला.

शैलजाबाईंनी त्यांचा उजवा खांदा धरून ओढला. तो पोत्यासारखा होता, हलला नाही. त्या जाऊबाईंकडे वळल्या, तर जाऊबाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कशाबशा सरळ बसल्या होत्या आणि भीतीने रडत होत्या. त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता. उरल्या त्या स्वतः.

सारंगसमोर फरशीवर त्या बसल्या. तुपाचं भांडं उजव्या हातात होतं. इतक्या वर्षांत त्या पाठीने दिशा अशी पाहिलीच नव्हती, आणि कलायचं म्हणजे आधी काय सोडायचं हेही बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी उजवा खांदा खाली घेतला. पाठीतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. "बाई वाकल्या!" पंगतीतून एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली आणि तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. बाईंचा चेहरा लाजेने तापला. त्यांनी खांदा आणखी खाली घेतला.

सारंगच्या डाव्या हाताला रांगोळी उमटली. मग पान आलं, पानावर भात आला, आणि पानामागे केतकी बसलेली होती.

"अय्या, सूनबाई!" शोभनाताई म्हणाल्या. "मुंज कसली म्हणतेय मी, लग्न नाही का आज! आणि बसलीये बघा कशी. एवढी ताठ मुलगी मी पाहिली नाही. वळण म्हणतात ते हे."

खरोखरच ती ताठ बसली होती. मान सरळ, खांदे एका ओळीत, डावा हात मांडीवर नीट ठेवलेला. मुंडावळ्या दोन्ही गालांवर सारख्या. ती नेमके, सारखे घास घेत होती. सारंग तिच्याकडे बघून लाजला. नवरा एक आणि नवरी एक. सगळं जुळलं होतं, आचारी पुन्हा जिलबी घेऊन यायला लागला होता. शैलजाबाईंनी तिथेच थांबायला कोणाचीच हरकत नव्हती. आयुष्यभर त्यांनी जी मुलगी मागितली ती समोर बसली होती.

"केतकी," त्या म्हणाल्या.

"हो आई," ताठ केतकी म्हणाली. तिने मान वर केली नाही, कारण ती मुळातच खाली नव्हती.

ही आपली नव्हे. बाईंना ते हाडांत कळलं आणि त्यांना भीती वाटली, खुर्चीतल्या कोमट उशीवर हात ठेवताना वाटली होती तशीच. त्यांना ती वाकडी हवी होती. वर आलेला खांदा हवा होता, त्यात रुतलेली मान हवी होती, अर्धा लाडू खाऊन उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते न कळणारी ती वेंधळी हवी होती. त्या आणखी उजवीकडे कलल्या. कोपर फरशीला लागलं. तुपाचं भांडं तिरकं झालं आणि तूप फरशीवरून पसरू लागलं.

ताठ केतकीच्या पलीकडे, जिथे करवलीचं पान होतं तिथे, दुसरी रांगोळी उमटली. तिथे दुसरी केतकी बसली होती. तिची नथ जरा वाकडी होती आणि हातात अर्धी जिलबी होती.

"आई?" ती म्हणाली. "तू अशी काय बसलीयेस?"

"काही नाही गं," शैलजाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं; तोंड एका बाजूला असल्याने दोन्ही एकाच गालावरून वाहिलं. "तू जेव."

"दोन सुना कशा?" कोणीतरी विचारलं.

"असतात एकेकाकडे," शोभनाताई म्हणाल्या. "आमच्या घरात कशाला कमी नाही."

शैलजाबाईंच्या बरगड्यांत कळ आली. जरा उठावं, जरा अंग सैल करावं असं झालं, आणि त्यांनी कोपर वीतभर उचललं. लगेच पलीकडच्या पानाची कड फिकी झाली. जायचं तर टोकाचं आधी जातं. त्यांनी कोपर पुन्हा टेकलं, मग खांदा टेकला. कड परत हिरवी झाली. किती कलायचं आणि कुठे थांबायचं, हे गावात फक्त बाबूरावांना जमत असे, आणि ते भिंतीशी ढेकर देत होते.

टोकाच्या केतकीला भूक लागली होती. सकाळपासून उपाशी होती ती. सगळ्या नवऱ्या असतात. तिने मसालेभाताचा घास घेतला, दुसरा घेतला, आणि खाता खाता तिला जरा बरं वाटलं. तिचा डावा हात मांडीवरून निघाला आणि फरशीकडे गेला. शैलजाबाईंनी तो जाताना पाहिला. जिभेवर दोन शब्द आले होते, ते त्यांनी दात आवळून गिळले आणि त्या आणखी खाली गेल्या. उजवा कान तुपात टेकला. आता खाली जायला जागा उरली नव्हती.

"सरळ बस," ताठ केतकी म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

टोकाच्या केतकीने डावा हात टेकला, आणि आपल्याला कोणी हाक मारली असावी म्हणून मान वर केली.